सोलापुरी कडक भाकरी विकत घेताना: टोपली, पुडा की खोका?

सोलापुरात कडक भाकरी, म्हणजे पाणी मरेपर्यंत भाजून वाळवलेली ज्वारीची पातळ भाकरी, आज चार तऱ्हांनी विकत मिळते. बाजारात टोपलीत किंवा पत्र्याच्या डब्यात सुटी, नगावर. बचत गटाच्या प्लास्टिकच्या पुड्यात, पाच किंवा दहा. नवी पेठ, मधला मारुती किंवा स्टेशनकडच्या दुकानांत छापील खोक्यात, शेजारी शेंगा चटणीचं पाकीट. आणि मोबाइलवरून मागवली तर पुठ्ठ्यात गुंडाळून घरपोच.

निकाल आधीच सांगून टाकू. चवीला टोपलीतली पहिली, गटाच्या पुड्यातली दुसरी. खोक्यातली प्रवासाला आणि परगावच्या पाहुण्यांना द्यायला ठीक. पेरी-पेरी, चीज, पुदिना असलं काही फासलेले भाकरीचे तुकडे हा वेगळाच पदार्थ आहे, त्याला कडक भाकरीचे पैसे देऊ नयेत. चटणी मात्र कुठूनही डोळे मिटून घेऊ नये. कारण पुढे येईलच.

ही वस्तू मुळात दुकानात नव्हती. पंढरीच्या वाटेवर, तुळजापूरला, जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, लांबच्या बाजाराला बैलगाडीनं निघताना जी शिदोरी बांधली जाई, त्यात आठ-दहा दिवस न विटणारं म्हणून ती भाजली जायची. भाकरी दिली जायची, मागितली जायची, बलुत्यात यायची, देवळापुढं वाटली जायची. तिला भाव नव्हता. म्हणजे ती फुकट होती असं मात्र नाही. पहाटे जात्यावर बसणारी, धुरात डोळे चोळत थापणारी बाई तिचं मोल देत होतीच, आणि कुणाला भाकरी ताटात मिळायची नि कुणाला दारात, हे जात ठरवायची. पाकिटामुळे भाकरी ‘बाजारू’ झाली अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हे विसरू नये. आता त्या श्रमाला निदान आकडा तरी लागला आहे. तो आकडा किती, आणि त्यातला बाईच्या हातात किती पडतो, हा खरा प्रश्न. त्याचा हिशेब खाली दिला आहे.

आधी धान्य. कडक भाकरीला रब्बीचीच ज्वारी लागते. मालदांडी, म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली एम 35-1, हे तिचं सगळ्यात ओळखीचं नाव. दाणा टपोरा, मोत्यासारखा, पिठाला किंचित गोडी. काळ्याभोर खोल जमिनीत, परतीच्या पावसाच्या ओलीवर ती वाढते आणि कोरड्या हवेत पक्व होते, म्हणून दाणा स्वच्छ राहतो. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त पडते, पण कणसात दाणा भरताना पाऊस लागला की त्यावर बुरशी धरते, दाणा काळवंडतो आणि भाकरीला करडी छटा व कडवट चव येते. चुलीवर ताजी खाताना हे एक वेळ झाकलं जातं. कडक भाकरीत पाणी निघून गेल्यावर चव दाट होते आणि कडवटपणा उघडा पडतो. फुले वसुधा, फुले रेवती हे राहुरी विद्यापीठाचे रब्बी वाणही भाकरीला चांगले आहेत. ‘मालदांडी नाही’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर जिल्ह्यातलं प्रत्येक तिसरं पाकीट मंगळवेढ्याचं झालं की काय असं वाटायला लागलं. मानांकनाचं चिन्ह आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच त्या नावाला अर्थ आहे. नुसतं ‘मंगळवेढा स्पेशल’ म्हणजे छापखान्याचा खर्च. (दामाजीपंतांनी दुष्काळात लोकांसाठी उघडलं ते बादशाही कोठार याच मंगळवेढ्याचं. त्या धान्याचे पैसे विठू महाराच्या रूपानं विठोबानं मोहरांत चुकते केले, अशी कथा आहे. गावच्या धान्याला नावाची किंमत तशी जुनीच.) 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ हे नाव आलं, आणि तेव्हापासून त्याच भाकरीच्या पुड्यावर ‘मिलेट’ लिहून भाव वाढवण्याची सोय झाली. आत ज्वारीच आहे.

आता करण्याची रीत, कारण ती माहीत असल्याशिवाय पाकीट पारखता येत नाही. पीठ ताजं हवं, दळून आठवड्याच्या आतलं. ज्वारीत गव्हासारखा चिकट ताण नसतो, जी काही पकड असते ती पिठाच्या विरीची, आणि पीठ शिळं झालं की विरी जाते. मग थापताना कडा फाटतात. ते टाळायला कुणी गरम पाणी वाढवतं, कुणी उकड काढतं, तेही चालतं. एक किलो पिठाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही दोन-तीन वेळा घालून. एका भाकरीपुरताच गोळा घेऊन तळहाताच्या टाचेनं मळायचा, चकचकीत होईपर्यंत. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवलं की शेवटच्या भाकऱ्या तुटक होतात. गटातल्या कामात घाईपायी हीच चूक सर्वाधिक होते, आणि पुड्यातल्या दहांपैकी तळाच्या दोन-तीन ठिसूळ का निघतात याचं उत्तर इथे आहे.

परातीत किंवा काटवटीत पीठ भुरभुरून भाकरी थापतात. रोजच्या भाकरीपेक्षा निम्मी जाड, व्यासाला आठ-नऊ इंच, आणि मधोमध व कडेला सारखी. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात. हे पाणी वरचं कोरडं पीठ शोषून घेतं, राहिलं तर भाकरीला पांढरी भुकटी लागते, आणि तेच पीठ पुढे पुड्यात खवट होतं. पाणी सुकत आलं की उलटायची. इथपर्यंत ती साधी भाकरीच आहे.

फरक यापुढे. साधी भाकरी आरावर फुगवतात, पापुद्रा सुटतो, आत वाफ राहते, म्हणून ती मऊ. कडक भाकरीत ही वाफ घालवायची असते. मंद आचेवर तव्यावर ठेवून कापडाच्या बोळ्यानं सगळीकडून दाबत राहायचं, फुगा येऊ द्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी पाणी मरेपर्यंत हे चालतं. मग चुलीच्या कडेला उभी टेकवून किंवा दुसऱ्या गार होत आलेल्या तव्यावर ती पूर्ण वाळवतात. आच मोठी केली की बाहेरून डाग पडतात आणि आत ओल राहते. गॅसवर नेमकं हेच होतं, कारण ज्योत मध्यभागी लागते आणि कड तशीच राहते. जाड बुडाचा बिडाचा तवा घेतला की बराच फरक पडतो. चुलीवरची म्हणून जास्त पैसे मागितले तर धुराच्या वासासाठी द्यायचे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. कोरडेपणासाठी द्यायची गरज नाही, चांगल्या हाताला गॅसवरही तो साधतो.

शेवटची पायरी लोक गाळतात, ती म्हणजे थांबणं. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय बांधली की पुड्यात आतून घाम येतो. त्या घामानं दुसऱ्या दिवशी ती वातड होते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कडेला हिरवट ठिपके येतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत जाळीवर उभ्या मांडून दोन-तीन तास ठेवल्या तरी पुरतं. जून ते सप्टेंबर दुप्पट वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यातल्या पुड्यांबद्दल तक्रारी जास्त येतात त्या याचमुळे, धान्याचा त्यात दोष नसतो.

विकायला लागल्यावर या वस्तूचा आकारच बदलला, आणि हे बघण्यासारखं आहे. घरची भाकरी परातीएवढी असे, कारण तिला मोडून खायची घाई नव्हती आणि ती कापडात बांधून जायची. दुकानातली भाकरी खोक्याएवढी असते. पिझ्झ्याला वापरतात तसला चौकोनी पुठ्ठ्याचा खोका सहज मिळतो, म्हणून ती सात-आठ इंचांवर येऊन थांबली. वाहतुकीत तुटू नये म्हणून काहींनी ती उलट थोडी जाड केली, मग पूर्ण वाळेना, मग मीठ-जिरं घालून चव सावरली. मिठाला ओल धरते, म्हणजे पाकीट फोडल्यावर ती आणखी लवकर मऊ पडते. एकसारखा गोल हवा म्हणून दाबयंत्र आलं. यंत्रात फाटू नये म्हणून पिठात गहू किंवा तांदूळ मिसळणं आलं. प्रत्येक पायरीला कारण आहे, कुणी मुद्दाम फसवलं असं नाही, पण चार पायऱ्यांनंतर हातात येते ती ज्वारीच्या चवीची बिस्किटासारखी वस्तू.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं? उजेडासमोर धरा. हातानं थापलेलीवर बोटांचे उथळ ठसे दिसतात, जाडी किंचित खालीवर असते आणि कड दातेरी असते. यंत्राची कड कापल्यासारखी गुळगुळीत. पुडा उलटा करून बघा: तळाशी पांढरी भुकटी साचली असेल तर पाण्याचा हात नीट फिरलेला नाही. मोडताना ‘कट्’ आवाज येऊन सरळ तुटली पाहिजे. वाकून मग तुटली तर ओल आहे, ती आज खायची, पाठवायची नाही. मोडलेल्या कडेवर मध्यभागी गडद, पारदर्शक रेघ दिसली तर आत कच्ची. गव्हाचं मिश्रण तपासायला घरी तुकडा कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवा. निव्वळ ज्वारी बोटांनी दाबताच भुगा होते. गहू असेल तर तुकडा तेवढा सहज भुगा होत नाही. ज्यांना गहू चालतच नाही अशांनी एवढ्यावर विसंबू नये. एकाच परातीत पोळी आणि भाकरी करणाऱ्या घरातून किंवा गटातून आलेली भाकरी त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. विचारून, खात्री करूनच घ्यावी.

लेबलवर चार गोष्टी हव्यात: अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक, केल्याची तारीख, घटक, आणि वजन किंवा नग. तारखेच्या जागी नुसतं ‘3 महिन्यांपर्यंत उत्तम’ असेल आणि कधीपासून ते नसेल, तर ठेवून द्या. चांगली वाळलेली ज्वारीची भाकरी बंद डब्यात महिनाभर निर्धास्त टिकते. बाजरीची मात्र नाही. बाजरीच्या पिठातली स्निग्धता लवकर बिघडते आणि कडवटपणा येतो, तीळ लावले असतील तर आणखी लवकर. भोगीच्या सुमाराला बाजरीची कडक भाकरी दुकानात दिसते तेव्हा ती दोन आठवड्यांत संपेल एवढीच घ्यावी. ‘शुगर फ्री’ छापलेलं दिसलं तर हसून सोडून द्या. ज्वारीत जवळपास सत्तर टक्के कर्बोदकं असतात, वाळवल्यानं ती कुठे जात नाहीत.

आता भाव. सुटी भाकरी नगावर मिळते, खोका वजनावर किंवा नगावर, आणि दोघांची तुलना करताना घोटाळा होतो. घरी काटा असेल तर एक भाकरी तोलून बघा: पातळ, आठ इंची भाकरी 40 ते 50 ग्रॅमची असते. तीच जाड झाली की 60-65. म्हणजे ‘500 ग्रॅम’च्या खोक्यात कधी अकरा असतात, कधी आठ. पातळ भाकरीत श्रम जास्त असतात, धान्य कमी. वजनावर घेतलं की तुम्ही नेमकी कमी श्रमाची भाकरी जास्त पैशांत घेता. म्हणून कडक भाकरी नगावरच घ्यावी.

हिशेब असा मांडता येतो. ज्वारी 50 रुपये किलो धरली, निवडण्यातली घट आणि दळण मिळून आणखी 10 रुपये, तर 60 रुपयांच्या पिठात वीस-एक भाकऱ्या. धान्य झालं नगाला 3 रुपये. इंधन 1 रुपया. पुडा किंवा खोक्याचा वाटा 1 रुपया. वाहतुकीतली तूटफूट दहात एक धरली तर अर्धा रुपया. विक्रीचा भाव 12 रुपये असेल तर उरले साडेसहा. सरावाचा हात दोन शेगड्यांवर तासाला पंधरा ते वीस भाकऱ्या उतरवतो, मळण्यापासून वाळवण्यापर्यंत. नगाला 3 रुपये मजुरी मिळाली तर तासाचे 45 ते 60 रुपये, तेही जाळासमोर बसून. उरलेले साडेतीन दुकानाचे आणि मधल्याचे. टोपलीवाली स्वतःच विकते तेव्हा हे सगळे तिच्याकडे राहतात, आणि तरी तिची भाकरी दोन रुपयांनी स्वस्त असते. तिच्याशी घासाघीस करणारे लोक खोक्यावरचा छापील भाव मुकाट्यानं देतात, हे सोलापुरातल्या कुठल्याही पेठेत बघायला मिळेल. एक लहानशी गोष्ट: 22 सप्टेंबर 2025 पासून चपाती, रोटी, पराठा अशा भारतीय पोळी-भाकरीवर जीएसटी नाही. बिलात 5 टक्के दिसले तर विचारावं.

चटणीकडे वळू. शेंगा चटणी हीदेखील घरची, उखळातली. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजायचे, गार करून सालं पाखडायची, बारा-पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, दीड चमचा मीठ, आणि कांडायचं. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, ते मुसळाच्या घावानं सुटतं आणि चटणी ओलसर, गुठळीदार होते. मिक्सरचं पातं दाणा कापतं, दाबत नाही, म्हणून आधी कोरडी पूड होते आणि जरा जास्त फिरवलं की एकदम लगदा. घरी मिक्सरच असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत आणि शेवटी खलबत्त्यात चेचून घ्यावं.

विकतच्या चटणीत कांडप यंत्राची चटणी चांगली असते, कारण ते मुसळाचंच काम करतं. अडचण इतरत्र आहे. दाणे महाग झाले की डाळवं मिसळतात. अशी चटणी टाळूला पिठासारखी चिकटते आणि चार दिवसांत कोरडी ठणठणीत होते. दाणे जुने असले की वरून तेल घालून चमक आणतात. बोटांत चोळा: दाण्याचं स्वतःचं तेल कणाला धरून असतं, वरून घातलेलं पाकिटाच्या तळाशी उतरतं. लालभडक रंग म्हणजे तिखटपणा नव्हे, ब्याडगी रंग देते आणि जाळ कमी, गुंटूर किंवा लवंगी उलट. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाणा निवडला आहे का. ओल लागलेल्या, सुरकुतलेल्या, काळपट दाण्यांवर जी बुरशी येते तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही, आणि लसूण-तिखटाच्या आड त्याची चव कळत नाही. भाकरीतला दोष डोळ्यांना दिसतो, चटणीतला दळला जातो. म्हणून चटणी जिथे डोळ्यांसमोर कांडतात तिथूनच, पाव किलोच्या वर नको, आणि वास घेतल्याशिवाय नको. किंचित रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ती खवट. ओला लसूण असलेली चटणी पंधरा-वीस दिवसांत संपवावी. महिन्यांवर टिकणाऱ्या पाकिटात बहुधा वाळवलेला लसूण असतो, चव अर्थातच वेगळी.

याच ओळीतली तिसरी वस्तू हुरडा, आणि तिच्याबाबत मत जरा कडू आहे. गुळभेंडी, सुरती, अलीकडची फुले मधुर या ज्वारीचं कणीस दुधाळ दाण्यातून किंचित घट्ट व्हायला लागलं की आठवडाभरच हुरड्याजोगं असतं. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत द्यायचे, अशी रीत. त्यासाठी बोलावणं यायचं, दर नसायचा. आता डिसेंबर ते फेब्रुवारी माणशी दर लावून शेतं भाड्यानं मिळतात. शेतकऱ्याला ज्वारीच्या दाण्यापेक्षा त्यात चार पैसे जास्त सुटत असतील तर त्याबद्दल तक्रार नाही. टप्प्याटप्प्यानं पेरून हंगाम लांबवणं हे तर कौशल्यच आहे. तक्रार ताटाची आहे. बैलगाडीची फेरी, डीजे, पावभाजी, आणि या सगळ्यात हुरडा एक वाटी, तोही आधी भाजून डब्यात ठेवलेला, गार, चिवट. हुरडा निखाऱ्यातून हातावर येईपर्यंतचाच खेळ आहे. जायचंच असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: वाण कोणता, आणि आगटी आपल्यासमोर पेटणार का. दुसऱ्या प्रश्नाला ‘सगळं रेडी असतं’ असं उत्तर आलं तर दुसरं शेत बघा. गोठवलेल्या पाकिटातला हुरडा थालीपिठाला बरा, हातावर घेऊन खायला नाही.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी. ‘भाकरी’ शोधताना गुजराती भाखरी समोर येते, ती गव्हाची, तेल-तुपाचं मोहन घातलेली. चांगली असते, पण ही ती नव्हे. घटकांत फक्त ज्वारी, पाणी, फार तर मीठ असलं पाहिजे. परीक्षणं वाचताना ‘क्रिस्पी’ या शब्दाकडे लक्ष देऊ नका, सगळेच तो लिहितात. तुटून आली का, किती आली, त्यावर वाचा. कुरिअरमध्ये खोका आडवा पडतो आणि वरचं ओझं मधल्या भागावर येतं, म्हणून भाकरी मधोमध तडकते. उभ्या रांगेत भरून कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावणारे विक्रेते त्यातल्या त्यात जाणते. प्रवासात स्वतः नेणार असाल तर गोल स्टीलचा डबा, तळाला आणि वर जुन्या सुती कापडाची घडी, आणि डबा उभा. रेल्वेत बर्थखाली बॅगेत कोंबलेली भाकरी मुंबईत चुरा होऊन उतरते.

चुरा झाला तरी वाया काही जात नाही. किंबहुना खाण्याची खरी पद्धत तीच: भाकरी ताटात कुस्करायची, वर घट्ट दही, शेंगा चटणी, बारीक चिरलेला कांदा, कच्चं शेंगदाणा तेल. किंवा कडकडीत आमटी ओतून दोन मिनिटं झाकून ठेवायची. पिठल्याबरोबर ती घास करून न खाता चमच्यासारखी वापरायची. वातड झालेली भाकरी कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर फिरवली की पुन्हा वाजते. ओव्हनमध्ये 150 अंशांवर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथे ती आधी मऊ पडते आणि मग दगड होते. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा तुकडा मोडून बाकीची खाऊ नका, अख्खी टाका. शेजारची भाकरीही नीट बघून घ्या.

आणि पन्नासाच्या वर हव्या असतील, लग्नघरी किंवा परदेशी जाणाऱ्याला, तर दुकानात जाऊच नका. टोपलीवालीला किंवा गटाला चार दिवस आधी सांगा. “अक्का, पातळ हव्यात, आठ इंची, मीठ नको, मंगळवारी दळून बुधवारी भाजा” एवढं नेमकं सांगितलं की तशाच मिळतात. ज्वारी आपली दिली तर मजुरीचा दर नगावर ठरवून घ्या आणि अर्धे आगाऊ द्या, कारण इंधन त्यांचं जातं. डबे आपले द्या. शंभरात सात-आठ तुकडे होणारच, ते त्यांच्या हिशेबातून कापू नका.